खान्देशातल्या घरासाठी डीप फ्रीजर निवडताना: लिटर नंतर, जागा आधी

अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात लहानमोठी सात माणसे आहेत. हिवाळ्यात मटार व तुरीचे हिरवे दाणे, भरताच्या वांग्याचा गर आणि उन्हाळ्यात आमरस साठवायचा आहे, शिवाय अधूनमधून मटण ठेवावे लागते. दुकानदाराने ३०० लिटरचा, काचेच्या सरकत्या झाकणाचा फ्रीजर सुचवला आहे. तो पत्र्याच्या ओसरीत ठेवण्याचा विचार आहे, कारण आतल्या खोल्यांत जागा अपुरी आहे. गावात वीज दिवसातून दोन-तीन वेळा जाते आणि संध्याकाळी व्होल्टेज पडते. खर्चाची मर्यादा साधारण २५ हजार रुपये आहे. घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत फ्रीज-फ्रीजर दुरुस्तीचे काम मी सत्तावीस वर्षे करीत आहे, आणि त्या अनुभवावरून पहिले उत्तर असे की फ्रीजर जरूर घ्यावा, परंतु दुकानदाराने सुचवलेला घेऊ नये आणि ओसरीत तर मुळीच ठेवू नये. या दोन गोष्टींपैकी दुसरी अधिक महत्त्वाची असल्यामुळे मी तिच्यापासूनच सुरुवात करतो.

फ्रीजर थंडी तयार करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि बाहेरची हवा जितकी तापलेली तितके हे टाकणे अवघड होते. आत उणे १८ अंश आणि खोलीत २५ अंश असतील तर फरक ४३ अंशांचा असतो; तीच खोली मे महिन्यात ४५ अंशांवर गेली की फरक ६३ अंशांचा होतो, म्हणजे भिंतींतून आत झिरपणारी उष्णता जवळजवळ दीडपट होते. त्याच वेळी कॉम्प्रेसरची ती बाहेर फेकण्याची क्षमताही घटते. मार दुहेरी बसतो. जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५-४६ अंशांपर्यंत जातो हे आपणास सांगायला नको, पण हा आकडा सावलीतला असतो आणि पत्र्याखालची हवा त्याहून किती तरी अधिक तापते.

चोपड्याच्या बाजूला एका घरी मला मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास बोलावणे आले होते. तक्रार होती, ‘गॅस संपला, कूलिंग होत नाही.’ फ्रीजर पत्र्याच्या पडवीत, पश्चिमेच्या भिंतीला अगदी टेकून ठेवलेला होता आणि वर धान्याची दोन पोती रचलेली होती. मी पोती उतरवून बाजूचा पत्रा हाताने चाचपला, तर हात ठेववेना. मागच्या फटीत थर्मामीटर सोडला तो ५१ अंशांवर जाऊन थांबला. कॉम्प्रेसर घरघर करीत दोन-तीन मिनिटे चालायचा, मग ‘टक्’ असा आवाज होऊन बंद पडायचा आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. हा ‘टक्’ म्हणजे ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारी संरक्षक कळ. गॅस पूर्ण भरलेला होता. आम्ही चौघांनी मिळून फ्रीजर आतल्या धाब्याच्या खोलीत नेला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, स्टॅबिलायझर लावून रात्रभर बंद झाकणाने चालवला आणि सकाळी आतला काटा उणे १६ वर होता. मी फक्त भेटीचे पैसे घेतले. दुसऱ्या एखाद्याने गॅस भरल्याचे पैसे लावले असते, आणि आठवडाभराने तोच ‘टक्’ पुन्हा ऐकू आला असता.

म्हणून विकत घेण्यापूर्वी घरातली जागा ठरवावी. मातीच्या जाड भिंतींचे जुने धाब्याचे घर असेल तर त्यातली मधली खोली सर्वांत उत्तम. स्लॅबचे घर असेल तर उत्तरेकडची, वर दुसरा मजला असलेली खोली पाहावी. स्वयंपाकघरात चुलीच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या जवळ ठेवू नये. फ्रीजरच्या सर्व बाजूंनी निदान सहा इंच जागा मोकळी हवी, कारण आजच्या बहुतेक पेटीफ्रीजरमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतच बसवलेली असते. त्या बाजू गरम लागणे हा बिघाड नाही. त्या गरम न लागणे हा मात्र बहुधा बिघाड असतो. फ्रीजरवर गोधड्या, पोती किंवा पापडांचे डबे रचण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती निदान उन्हाळ्यापुरती तरी सोडावी. आणि जागा ठरली की दाराची रुंदी टेपने मोजावी. हा सल्ला बाळबोध वाटेल, पण ३०० लिटरची पेटी जुन्या घराच्या अडीच फुटी चौकटीत अडकली म्हणून चौकटच काढावी लागल्याची दोन उदाहरणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आता यंत्राकडे वळू. फ्रीजरच्या मागे किंवा बाजूला एक लहान पाटी चिकटवलेली असते, तिच्यावर ‘क्लायमेट क्लास’ म्हणून इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, ‘एसटी’ म्हणजे १६ ते ३८ आणि ‘टी’ म्हणजे १६ ते ४३ अंशांच्या खोलीसाठी बनवलेले यंत्र. आपल्याकडे ‘टी’ शिवाय दुसरे अक्षर चालणार नाही, आणि ‘टी’ सुद्धा ४३ अंशांवरच थांबतो हे लक्षात घेतले म्हणजे ओसरीला माझा विरोध का आहे ते पुरेसे स्पष्ट होईल. काही कंपन्या यापुढचा आकडा पाटीवर किंवा माहितीपत्रकात वेगळा लिहितात. तसा तो छापील दिसत असेल तर त्या यंत्राला माझी पहिली पसंती. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन मात्र धरू नये.

झाकणाचा प्रश्न त्यानंतर येतो. बाजारात घरगुती ग्राहकासमोर मुख्यतः तीन प्रकार ठेवले जातात. वरून उघडणारी, फोम भरलेल्या जाड झाकणाची पेटी, जिला दुकानात ‘हार्डटॉप’ म्हणतात. काचेच्या सरकत्या झाकणाची पेटी, म्हणजे ‘ग्लासटॉप’. आणि कपाटासारखा उभा फ्रीजर. ग्लासटॉप हा आइस्क्रीमच्या दुकानासाठी जन्मलेला प्रकार आहे. गिऱ्हाईकाला आतला माल दिसावा हे त्याच्या काचेचे प्रयोजन, आणि आपल्या घरी मटारच्या पिशव्या कोणाला दाखवायच्या नाहीत. काच कितीही चांगली असली तरी दोन-अडीच इंच फोमची बरोबरी करू शकत नाही, त्यामुळे वीज गेल्यावर ग्लासटॉपमधला माल हार्डटॉपच्या पुष्कळ आधी सुटू लागतो. शिवाय सरकत्या काचांच्या खाचेतून दमट हवा आत शिरते आणि पावसाळ्यात काठाशी बर्फाचा जाड पट्टा धरतो. तो प्रकार घरासाठी बाद समजावा.

उभ्या फ्रीजरबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयी दुकानांत एक अर्धवट सत्य सांगितले जाते. थंड हवा जड असते, त्यामुळे उभ्याचे दार उघडताच ती पायाशी सांडते आणि पेटीत मात्र ती विहिरीतल्या पाण्यासारखी राहते, हे खरे आहे. पण हवेत थंडी साठते तरी किती? २०० लिटर हवेचे वजन जेमतेम पाव किलो भरते, आणि ती सगळीच्या सगळी बदलली गेली तरी होणारे नुकसान एक किलो पाण्याचे बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते तिच्या दहाव्या भागाइतकेही नसते. खरी थंडी गोठलेल्या मालात असते. उभ्या फ्रीजरचा खरा दोष असा की दार उघडल्यावर आत शिरणाऱ्या हवेबरोबर दमटपणा येतो, त्याचे बर्फ होते आणि ते काढण्यासाठी एक तर हाताने काम करावे लागते किंवा फ्रॉस्ट-फ्री यंत्रातल्या हीटरला वीज खावी लागते. दुसरा दोष दाराच्या उभ्या रबराचा. ते वजनाने आपोआप दाबले जात नाही, त्यामुळे धूळ आणि उष्णतेने कडक झाले की फट पडते. पेटीचे झाकण स्वतःच्या वजनाने बसते. असे असले तरी घरात कंबरदुखीची माणसे असतील आणि रोज त्यांनाच वाकून माल काढावा लागणार असेल, तर उभा फ्रीजर सोयीचा ठरतो व थोडी जास्त वीज देऊन तो घेण्यात चूक नाही. आपल्या घरी माल काढण्याची खेप महिन्यातून आठ-दहा वेळांचीच दिसते, म्हणून हार्डटॉप घ्यावा आणि सोबत दोन तारेच्या टोपल्या मागून घ्याव्यात. टोपली नसेल तर तळाशी गेलेले मटण पुढल्या आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) सापडत नाही.

आकारमान ठरवताना माणशी लिटरचे गणित मी वापरत नाही, कारण सात माणसांच्या दोन घरांत साठवण अगदी वेगळी असू शकते. कागदावर मालाची यादी करावी. आपण लिहिलेल्यावरून मी अंदाज बांधला तो असा की मटार पंधरा किलो, तुरीचे दाणे दहा किलो, वांग्याचा गर आठ-दहा किलो, आमरस वीस किलो आणि मटण तीन-चार किलो. एकूण साठ किलोच्या आत. नीट रचलेल्या फ्रीजरमध्ये लिटरमागे सुमारे अर्धा किलो माल मावतो, म्हणजे सगळे एकाच वेळी ठेवले तरी १२० लिटर पुरतात; आणि ते एकाच वेळी नसतेच, कारण दाणे व वांगी डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात आणि रस मे-जूनमध्ये, तोवर निम्मे दाणे संपलेले असतात. सणावारांची व पाहुण्यांची भर धरून २०० लिटर घ्यावा. ३०० लिटरचा वर्षातले आठ महिने अर्धा रिकामा राहील, आणि रिकामी जागा थंड ठेवण्याचे बिल आपल्यालाच भरायचे आहे. पेटीतले सामान कमी झाले तर रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात, त्याविषयी पुढे लिहितो.

विजेच्या खर्चासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते दोन यंत्रांची तुलना करायला उपयोगी आहेत. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचा असतो आणि आपल्या उन्हाळ्याला तो लागू पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. मी सब-मीटर लावून पाहिलेल्या २०० लिटरच्या हार्डटॉपनी हिवाळ्यात दिवसाला एक ते सव्वा युनिट आणि मे महिन्यात दोन-अडीच युनिट घेतले आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या कॉम्प्रेसरचे यंत्र (घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही) आपल्या रकमेत बसत असेल तर घ्यावे, बचतीसाठी तर खरेच, पण त्याहून अधिक या कारणासाठी की ते सावकाश सुरू होते आणि कमी व्होल्टेजवर साध्या कॉम्प्रेसरसारखे अडखळत नाही.

व्होल्टेजचा मुद्दा आपल्या गावासाठी फार मोलाचा आहे. रब्बीत शेतपंप एकदम सुरू झाले की घरातले २३० व्होल्ट १७० वर येतात, आणि साध्या कॉम्प्रेसरची मोटर तेवढ्यावर फिरायला न लागता नुसती गुणगुणत तापते. दुसरा धोका वीज जाऊन लगेच येण्याचा. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधीच वीज आली तर मोटरला भरल्या दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते आणि वाइंडिंग जळते. माझ्याकडे आलेल्या जळक्या कॉम्प्रेसरांपैकी बहुतेक याच दोन कारणांनी गेले आहेत. म्हणून खालची मर्यादा १३०-१४० व्होल्टपर्यंत असलेला आणि वीज आल्यावर तीन मिनिटे थांबून पुरवठा देणारा स्टॅबिलायझर फ्रीजरबरोबरच, त्याच दिवशी घ्यावा. माहितीपत्रकात ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे लिहिले असेल तर त्यापुढचा व्होल्टेजचा पल्ला वाचावा आणि आपल्या घरचे संध्याकाळचे व्होल्टेज त्यात बसते का ते वायरमनकडून मोजून घ्यावे. अर्थिंगची तपासणीही त्याच वेळी उरकावी. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला नुसते भोक असते, मागे तार नसते.

वीज गेल्यावर घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर फ्रीजर चालवण्याच्या फंदात पडू नये. चालू कॉम्प्रेसर शंभर-दीडशे वॅटच घेतो हे खरे, पण सुरू होताना क्षणभर त्याला कित्येक पट प्रवाह लागतो, आणि पंखे-दिव्यांसाठी ठेवलेली बॅटरी त्यात निष्कारण खर्ची पडते. त्याची गरजही नसते. भरलेला फ्रीजर झाकण न उघडता साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवतो असा सर्वसाधारण नियम आहे. आपल्या उन्हाळ्यात मी त्यातला एकतृतीयांश वेळ वजा करून धरतो, तरीही दोन-चार तासांच्या भारनियमनाची काळजी उरत नाही. अट एकच, वीज नसताना ‘बघू, गोठलेलं आहे का’ म्हणून झाकण उघडायचे नाही.

बाटल्यांबद्दल एक बारकावा आहे. साध्या पाण्याचे बर्फ शून्यावर वितळते आणि आमरस किंवा दाणे त्याआधीच मऊ पडू लागतात, त्यामुळे साध्या बाटल्या मदतीला उशिरा येतात. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम जाडे मीठ विरघळवून बाटली पाऊण भरावी; ते बर्फ उणे सहा अंशांच्या आसपास येईपर्यंत पूर्ण वितळते आणि माल अजून कडक असतानाच उष्णता स्वतःकडे ओढून घेते. अशा आठ-दहा बाटल्या फ्रीजरच्या कडेने उभ्या कराव्यात. घरी लग्नकार्यासाठी कोणी नसेल तेव्हासाठी आणखी एक युक्ती सांगतो: वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचे नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर निश्चिंत राहावे. ते तळाशी जाऊन पुन्हा गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळले होते असे समजून मटण-मासळी टाकून द्यावी.

साठवणीच्या पद्धतीचा फ्रीजरच्या निवडीशी संबंध नाही असे वाटते, पण तो आहे, कारण चुकीच्या साठवणीचा दोष शेवटी यंत्रावर येतो. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, जंतू मरत नाहीत. आणि दाण्यांमधली विकरे (एन्झाइम) अत्यंत सावकाश का होईना, काम करीत राहतात. म्हणून मटार व तुरीचे दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावेत, कापडावर पूर्ण कोरडे करावेत आणि मगच भरावेत, म्हणजे ते आठ-दहा महिने हिरवे राहतात. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, बडजीत (लाकडी उखळीत) ठेचून नुसता गर गोठवावा. मिरची, कांद्याची पात आणि फोडणी खायच्या दिवशी. रस डब्यात न भरता सपाट पिशव्यांत, बोटभर जाडीचा थर करून आडवा गोठवावा, कारण पातळ थर लवकर गोठतो, आणि पिशवीत थोडी जागा सोडावी, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते.

आणि एका दिवसात किती टाकायचे याला मर्यादा आहे. माहितीपत्रकात ‘फ्रीझिंग कपॅसिटी’ म्हणून चोवीस तासांचे किलो दिलेले असतात; ते नसतील तर २०० लिटरच्या यंत्रात दिवसाला सात-आठ किलोंहून अधिक ताजा माल टाकू नये. आखाजीच्या आदल्या दिवशी वीस किलो कोमट रस एकदम आत ढकलला तर नवा रस तर गोठत नाहीच, शेजारचे जुने दाणेही सुटतात, आणि मग मला फोन येतो.

आतला बर्फाचा थर पाव इंचाचा झाला की यंत्र बंद करून, झाकण उघडे ठेवून तो वितळू द्यावा आणि तळाची बूच काढून पाणी वाहू द्यावे. चाकू, सुरी, स्क्रूड्रायव्हर यांपैकी काहीही वापरू नये. आजच्या अनेक यंत्रांत आर-६००ए किंवा आर-२९० हा गॅस असतो; तो ओझोनला अपाय करीत नाही पण ज्वलनशील आहे, आणि नळीला भोक पडले तर नुकसान पैशांपुरते राहीलच असे नाही. त्या गॅसचे काम शिकलेला तंत्रज्ञ आपल्या तालुक्याच्या गावी आहे का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. शंभर रुपये स्वस्त मिळाले म्हणून लांबच्या शहरातून आणलेले यंत्र दुरुस्तीला तिकडेच न्यावे लागते. घरात लहान मुले आहेत असे आपण लिहिले आहे, तेव्हा कुलपाचे झाकण घ्यावे आणि किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. लपाछपीत रिकामी पेटी ही फार धोक्याची जागा आहे.

टेम्पोतून आणताना फ्रीजर उभाच आणावा. आडवा आणावाच लागला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते, म्हणून घरी उभा करून रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी चालू करावा. पहिले चोवीस तास रिकामा चालवावा, फक्त त्या मिठाच्या बाटल्या आत ठेवाव्यात, आणि त्या गोठल्याची खात्री पटल्यावर पहिल्या दिवशी सात-आठ किलो दाणे भरावेत.